तुकडीच्या वहीतला फोटो

गाडी मागडेबुर्गच्या फलाटावरून हलायच्या आतच एडिथबाईंनी सिल्केच्या वेण्या सोडायला घेतल्या.

"ह्या काय वेण्या झाल्या, फोल्कर? उसवलेली दोरखंडं आहेत नुसती! लेथवर फडकं गुंडाळतोस तसे पोरीचे केस गुंडाळले होतेस की काय?"

"सकाळी घाई झाली," फोल्कर म्हणाला आणि हसला. गेल्या पाच महिन्यांत तो असं पुष्कळदा हसला होता. ओठ तेवढे फाकवायचे, बाकीच्या चेहऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

सिल्के सहा वर्षांची. एडिथबाईंच्या गुडघ्यांमध्ये ती पाठमोरी उभी होती. कंगवा केसांत रुतला की मान जागची हलत नाही, आणि मान हलली नाही की माणूस बिचारं समोरच बघत राहतं. एडिथबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण कारखान्यातल्या निम्म्या पोरींच्या वेण्या त्यांनी कधी ना कधी घातल्या होत्या.

"आईची आठवण येते का गं, चिमणे?" रिबिनीचं टोक दातांत धरून त्यांनी विचारलं.

"कधीकधी."

"पत्रं येतात तिची?"

"येतात. बाबा न फोडताच साहेबांना नेऊन देतो."

"शहाणा आहे तुझा बाबा. आणि जायच्या आधी? काहीतरी सांगितलं असेल ना तुला? कुठली आई न सांगता जाते गं!"

फोल्करने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बटाट्याचं शेत होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"सांगितलं की," सिल्के म्हणाली. "टोपी घाल म्हणाली. मार्च होता ना."

एडिथबाई खळखळून हसल्या आणि त्यांनी दुसरी वेणी घ्यायला सुरुवात केली.

मार्चमध्ये झालं होतं ते असं. फोल्कर लिंडनरच्या बायकोला, मार्लीसला, भिंतीपलीकडच्या, पश्चिमेच्या बर्लिनमध्ये चार दिवस जायची परवानगी मिळाली. तिच्या लोटेआत्याची सत्तरी होती. अशी परवानगी मिळायची ती एकट्या माणसाला. नवरा आणि पोर इथं ओलीस ठेवून जायचं. चार दिवस झाले, आठ झाले, मार्लीस परत आली नाही. फोल्करला चौकशीसाठी तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा तो टेबलासमोर बसून म्हणाला, मला काही माहीत नव्हतं, मला फसवून गेली. तिसऱ्यांदा तर तो रडला. ते रडणं खरंच होतं, कारण घरी सिल्के तापाने फणफणली होती, म्हणून ते खपून गेलं.

पण सगळं ठरलं होतं दोघांचं. तिने जायचं, त्याने वर्षभर टाकलेल्या नवऱ्याचं सोंग वठवायचं, मग पोरीला आईची गरज आहे म्हणून अर्ज करायचा. माहीत असून कळवलं नाही, हा आमच्याकडे गुन्हा. नवरा तुरुंगात, पोर अनाथाश्रमात, आणि तिथून कुठल्यातरी परक्या घरी, परक्या आडनावाने. हे सगळं एका शब्दावर टांगलेलं होतं, आणि तो शब्द सहा वर्षांच्या तोंडात होता. फोल्कर रोज सकाळी ओबडधोबड वेण्या घालताना तिच्याकडून घोकून घ्यायचा. बाबाला काय माहीत होतं? काही नाही. आई काय म्हणाली? टोपी घाल. यापलीकडे त्याने तिला काही सांगितलंच नव्हतं. जे पोटात नाही ते ओठावर यायचं कुठून?

तशी पोर पक्की होती. वसंतात बालवाडीच्या बाईंनी सगळ्या मुलांना विचारलं होतं, तुमच्या घरी बातम्या लागतात तेव्हा टीव्हीवरच्या घड्याळात ठिपके असतात की काड्या? म्हणजे घरात इकडचं बघतात की तिकडचं, ते कळावं. दोघातिघांनी चित्रं काढून दाखवली आणि त्यांच्या बापांना घाम फुटला. सिल्के म्हणाली, "मला घड्याळ कळत नाही." घरी आल्यावर तिने फोल्करला घड्याळात बघून सांगितलं, सव्वाचार वाजलेत. त्या दिवशी त्याला अभिमान वाटला, आणि नंतर लाज वाटली.

आमच्या बाजूच्या बर्लिनची सहल त्याचीच कल्पना. एक सप्टेंबरला पोरीची शाळा सुरू व्हायची, त्याआधी दोन दिवस हिंडवून आणतो, प्राणिबाग, छोटी रेल्वे, टीव्हीचा मनोरा, असं तो जेवणाच्या सुट्टीत सहज बोलला. दुसऱ्या दिवशी युनियनच्या एडिथबाई लेथपाशी येऊन उभ्या. "आपल्या तुकडीने ठरवलंय! आईविना पोर, तिची सहल आपली सगळ्यांची. खर्च तुकडीचा. सोबतीला मी येते. वहीत दोन पानं भरतील मस्त!"

आमच्याकडे कारखान्यात एकत्र काम करणाऱ्या प्रत्येक तुकडीची वही असायची. कोणाचा वाढदिवस, कुठली सहल, किती काम उरकलं, सगळं त्यात लिहायचं, फोटो चिकटवायचे, आणि वर्षाखेरीस वरचे लोक ती वाचून शाबासकी द्यायचे. नको म्हणणार कसं? नको म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे, हा प्रश्न लगेच पुढं येतो. इकडे आड, तिकडे विहीर. फोल्कर म्हणाला, "वा, छान होईल."

एडिथबाई वाईट होत्या असं नाही. त्यांनी उकडलेली अंडी आणली होती, बटाट्याचं सॅलड आणलं होतं, सिल्केसाठी घरी विणलेलं निळं जाकीट आणलं होतं. फोल्करला त्या काय होत्या ते ठरवताच येत नव्हतं, आणि त्याचंच त्याला सगळ्यात जास्त भय होतं. वाईट माणसाशी कसं वागायचं ते तरी माहीत असतं.

शनिवारी प्राणिबाग झाली. एडिथबाईंनी अस्वलासमोर फोटो काढला, हत्तीसमोर काढला, आइस्क्रीमच्या गाडीसमोर काढला. "हस गं! वहीत सुतकी तोंड नको मला!" सिल्के हसली. बापासारखंच, ओठ तेवढे फाकवून. फोल्करने ते पाहिलं.

दुपारी मुलांची रेल्वे. जंगलातून वळणं घेत जाणारी चिमुकली गाडी, आणि इंजिन चालवणारा सोडला तर बाकी सगळी कामं मुलांकडे. निळी टोपी घातलेल्या, बारा वर्षांच्या एका तिकीट तपासनीस मुलीने सिल्केला कडक सलाम ठोकला.

"ही गाडी कुठं जाते?" सिल्केने विचारलं.

"कुठंच नाही. गोल फिरून इथंच येते."

"मग मध्ये उतरता येत नाही?"

"मध्ये स्टेशनं आहेत की. पण सगळी कुंपणाच्या आतच."

आजूबाजूचे आईबाप हसले. एडिथबाई सगळ्यात मोठ्याने हसल्या आणि त्यांनी पर्समधून छोटी वही काढून हे वाक्य टिपून घेतलं. कशासाठी टिपलं? तुकडीच्या वहीसाठी, की आणखी कशासाठी? चोराच्या मनात चांदणं. फोल्कर संपूर्ण फेरीभर त्या पर्सच्या कडीकडे बघत होता.

रात्री कारखान्याच्या विश्रामगृहात एडिथबाई शेजारच्या खोलीत होत्या, मध्ये पातळ भिंत. फोल्करने त्या रात्री सिल्केकडून काहीच घोकून घेतलं नाही. भिंतीला कान असतात ही म्हण इतरांना म्हण वाटते, आम्हाला ती बांधकामाची माहिती वाटायची.

त्याच्या पोटात एक गोष्ट होती, ती सिल्केलाही ठाऊक नव्हती. म्हणजे, ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात नळ मोठ्याने सोडून मार्लीस त्याच्या कानाशी बोलली होती. ऑगस्टचा दुसरा रविवार, दुपारी तीन. लोटेआत्याचं घर भिंतीला लागूनच आहे. वर गच्चीत कपडे वाळत घालायच्या तारा आहेत, तिथून मनोरा समोर दिसतो. मी तारेवर पिवळी चादर घालीन. तुम्ही वरच्या कॅफेत जाऊन बसा. आत्याकडे नवऱ्याची जुनी दुर्बीण आहे, मी बघत राहीन. माणसं काही दिसायची नाहीत, पण त्या काचेमागे तुम्ही आहात एवढं मला कळेल, आणि ती चादर म्हणजे मी, एवढं तुला कळेल. पुरे आहे तेवढं. "आणि हात हलवू नकोस हं," ती म्हणाली होती. "तुला सवय आहे. आगगाडी दिसली तरी हात हलवतोस."

"वेडा आहे का मी!" फोल्कर म्हणाला होता.

रविवारी सकाळी त्यांनी संग्रहालयात जाऊन डायनासोरचा सांगाडा पाहिला. मग सॉसेज खाल्ले. मग मनोऱ्याखालच्या रांगेत उभे राहिले. रांग म्हणजे रांग! गाव लोटलं होतं. दीड वाजला, पावणेदोन झाले, फोल्करच्या मानेवरून घाम ओघळायला लागला.

"अरे, घाई कसली एवढी?" एडिथबाई म्हणाल्या. "सारखा घड्याळात काय बघतोस?"

"गाडी चुकायला नको."

"गाडी सहाला आहे, फोल्कर."

"हो. तेच."

अडीच वाजता लिफ्टने वर सोडलं. कॅफेच्या दाराशी आणखी एक रांग, आणि दारात काळा स्कर्ट घातलेली एक बाई हाताची घडी घालून उभी. समोर चार टेबलं रिकामी दिसत होती. एडिथबाई पुढं सरकल्या तशी ती बाई कडाडली, "कुठं निघालात? इथं कोणी आपणहून बसत नाही, इथं बसवलं जातं!"

"अहो, पण रिकामी आहेत ना ती?"

"रिकामी आहेत हे मला दिसतं. थांबा."

थांबले. दोन चाळीसला त्यांना बसवलं. खिडकीलगतचं टेबल, पायाखालची जमीन हळूहळू सरकणारी. तासाला एक फेरा, आणि तास झाला की उठायचं, दुसरे लोक खोळंबलेले असतात. फोल्कर लेथवरचा माणूस, फिरणाऱ्या वस्तूंचा हिशेब त्याच्या बोटांत होता. तासाला एक फेरा म्हणजे मिनिटाला सहा अंश. खाली काय दिसतंय ते त्याने पाहिलं. भिंतीची बाजू समोर यायला अजून पंचवीस मिनिटं. तीन वाजून पाच. जमतंय. आयुष्यात एकदा तरी जमतंय.

सिल्केला सफरचंदाचा गर घातलेलं आइस्क्रीम आलं, मोठ्यांना कॉफी. एडिथबाई खुशीत होत्या. "बघ सिल्के, केवढं मोठं आपलं शहर! नव्या इमारती बघ! शाळेत बाईंना सांगशील ना? शाळेच्या पहिल्या दिवसाचा तुझा खाऊचा उंच कागदी द्रोण मी भरणार आहे, चांगला तुझ्या उंचीएवढा. चॉकलेट, रंगपेटी, सगळं. तुझी आई काय भरणार, ती बसलीय तिकडे मजेत."

"हो," सिल्के म्हणाली.

"काय गं, आई परत आली तर घरात घेशील का तिला?"

"मावशी, आइस्क्रीम वितळतंय," सिल्के म्हणाली आणि खाली मान घालून खायला लागली.

घरं सरकत होती. नदी सरकली, चर्चचा घुमट सरकला. मग ती पांढरी रेघ आली. वरून बघताना भिंत किती लहान दिसते! एखाद्याने खडूने ओढून ठेवावी तशी. तिच्या पलीकडे मातकट छपरं, धुराडी, एक चर्च. तीन वाजून चार. फोल्करने कपातला चमचा बाहेर काढून ठेवला. चर्चच्या डावीकडे तिसरी गल्ली, असं मार्लीस म्हणाली होती. पहिली. दुसरी.

आणि दिसली.

ठिपका होता नुसता. लोण्याच्या कणाएवढा, पण पिवळा. वाऱ्याने तो फुगायचा आणि बसायचा. ती चादर त्याला माहीत होती. त्यांच्या लग्नातली, एका कोपऱ्याला इस्त्रीने भाजलेली. सत्तरीच्या भेटीत आत्याला द्यायला म्हणून मार्लीसने ती बॅगेत घातली होती आणि नाक्यावरच्या शिपायाने ती उलगडून झटकून पाहिली होती, असं तिने पहिल्या आणि शेवटच्या फोनवर सांगितलं होतं. पाच महिने दगडासारखा राहिलेला हा माणूस. तो काचेकडे सरकला. मार्ले, तो मनात म्हणाला. आहे गं, आम्ही आहोत इथं. पोरगी बरी आहे. दात पडलाय तिचा एक.

खट्.

त्याने वळून बघितलं. एडिथबाईंच्या डोळ्याला कॅमेरा होता. आणि त्याचा उजवा हात वर होता, डोक्याच्याही वर, पंजा उघडा. कधी वर गेला ते त्याला कळलंच नव्हतं.

एडिथबाईंनी कॅमेरा हळूच खाली घेतला. "कोणाला हात करतोस रे?"

फोल्करने तोंड उघडलं. तीन चौकशा झेललेला माणूस, हजार उत्तरं पाठ केलेला, त्याला एक शब्द सुचेना. पक्ष्याला? विमानाला? हात अजून वरच होता. खाली घ्यायलाही भीती वाटत होती. एडिथबाईंची नजर त्याच्या चेहऱ्यावरून काचेकडे गेली, काचेतून भिंतीपलीकडे, आणि परत त्याच्याकडे आली.

टेबलाखाली त्याच्या नडगीवर बुटाची लाथ बसली. चांगली सणसणीत.

"हात नाही करत, मावशी," सिल्के म्हणाली. "हाकलतोय."

"काय?"

"आई तिकडं आहे ना. त्या बाजूला. मीच बाबाला म्हटलं, तिकडची बाजू आली की तिला हाकलून दे. जा म्हणावं." तिने चमचा चाटून स्वच्छ केला आणि बशीत ठेवला. "आम्हाला नकोय ती."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी साखर ढवळत होतं.

"खरंच?" एडिथबाईंनी विचारलं.

सिल्के खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. तिने काचेकडे तोंड केलं, हात वर केला आणि कोंबड्या हुसकावतात तसा झटकला. "जा! जा तिकडं! परत येऊ नकोस! तू वाईट आहेस, आम्हाला नकोयस तू!"

आजूबाजूच्या माना वळल्या. शेजारच्या बाईने चमचा खाली ठेवला. काळ्या स्कर्टवाली दारातून बघायला लागली. एडिथबाईंचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ते सोंग नव्हतं. त्यांनी पुढं वाकून सिल्केच्या केसांचा मुका घेतला.

"अगं माझी गुणाची बाय ती! एवढीशी पोर, पण मोठ्या माणसांना कळत नाही ते हिला कळतं. असाच हात ठेव, असाच! वहीसाठी एक फोटो घेते. फोल्कर, तू पण. मगाशी करत होतास तसं. हाकल तिला!"

पिवळा ठिपका अजून काचेत होता. अजून तीन मिनिटं तरी राहणार होता.

"कर ना, बाबा," सिल्के म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं. असे डोळे त्याने कुठल्याच मुलाचे पाहिले नव्हते. अशा डोळ्यांचं एक माणूस त्याला माहीत होतं, आणि ते चौकशीच्या टेबलापलीकडे बसून त्याला प्रश्न विचारायचं.

फोल्करने हात झटकला. एकदा. पुन्हा एकदा. "जा," तो म्हणाला.

"मोठ्याने! फोटोत तोंड उघडं दिसू दे!"

"जा!"

खट्. एडिथबाईंनी खात्रीसाठी आणखी एक काढला. तोवर छपरं सरकली, चर्च सरकलं, पिवळा ठिपका खिडकीच्या चौकटीपाशी गेला, थोडा वेळ तिथं रेंगाळला आणि दिसेनासा झाला. मग रेल्वेचे रूळ दिसायला लागले. सिल्के खाली बसली आणि बशीतलं राहिलेलं पाणी झालेलं आइस्क्रीम तिने बशी उचलून पिऊन टाकलं.

सहाच्या गाडीत डबा निम्मा रिकामा होता. एडिथबाईंनी मांडीवर छोटी वही घेऊन लिहिलं आणि वाचून दाखवलं. "चिमुकल्या सिल्केने अत्यंत स्पष्ट शब्दांत आपली भूमिका मांडली. तुकडीने या कुटुंबाला दिलेल्या आधाराचंच हे फळ आहे. कसं वाटतं?"

"छान," फोल्कर म्हणाला.

"दोघांचा फोटो मोठा करून लावते. पानभर." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग आवाज खाली आणला, पण गोडवा तोच. "पहिला मात्र लावत नाही हं. तुझा एकट्याचा, हात वर केलेला. तो मी माझ्याजवळच ठेवते."

"का?" फोल्करने विचारलं.

"त्यात तुझा चेहरा फार छान आला असणार. मार्चपासून तुला असं हसताना बघितलं नव्हतं मी, फोल्कर. माणूस हाकलताना असा हसत नाही." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. कोणाला कशाला दाखवू? पोर गोड आहे, तिचं घर मोडावं असं मला थोडंच वाटतं? फक्त कधी काही विचारलं, तुमच्या लेथवरच्या माणसांबद्दल, कोण काय बोलतं, कोणाच्या मनात काय आहे, तर नाही म्हणू नकोस. एवढंच. आपण काय, घरचीच माणसं."

"हो," फोल्कर म्हणाला. एवढं म्हणायला त्याला वेळ लागला नाही, आणि मग जन्मभर तेच त्याला टोचत राहिलं.

एडिथबाई कॉफी आणायला पुढच्या डब्यात गेल्या. बाहेर पुन्हा बटाट्याची शेतं. सिल्के निळं जाकीट घालून खिडकीशी बसली होती. तिने एका वेणीची रिबीन सोडली, मग दुसरीची. केस मोकळे करून डोकं खाजवलं.

"दुखत होत्या," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर मी घालतो."

"तू चांगल्या घालतोस. सैल."

फोल्करला तिला जवळ घ्यायचं होतं. तिला काय म्हणावं ते कळत नव्हतं. शाबास म्हणावं? माफ कर म्हणावं? तुला हे सगळं कधीपासून माहीत होतं, हे विचारावं? सिल्केने डब्याच्या दाराकडे बघितलं, एडिथबाई येत नाहीत ना ते पाहिलं, आणि सरकून त्याच्या कानाशी आली. अगदी आईसारखी, ओठ कानाला लावून.

"बाबा, लोटेआत्याची दुर्बीण चांगली आहे का?"

चांगली होती ती. जुनी, शिकाऱ्याची, पितळी. मार्लीस म्हणाली होती की तिच्यातून मनोऱ्याच्या खिडक्या मोजता येतात. पण त्यातून हात दिसतो का, कोणाचा हात, बोलावणारा की हाकलणारा, ते फोल्करला ठाऊक नव्हतं. दिसला असेल तर तिने काय पाहिलं? आणि दिसला नसेल, तर मग आज कशासाठी गेलो?

"मोडकी आहे," तो म्हणाला. "आत्याने कधीची पाडलीय ती. काच फुटलीय तिची."

"दोन्ही काचा?"

"दोन्ही."

सिल्केने रिबिनी उचलल्या.

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि एडिथबाई यायच्या आत वेण्या पुन्हा घालायला लागली.